कापूस, नवी जमीन आणि पळून गेलेली माणसं: अमेरिका यादवी युद्धापर्यंत कशी पोचली

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. आपल्यापैकी अनेकांना अमेरिकेच्या यादवी युद्धाची पहिली ओळख या अर्पणपत्रिकेतून होते, नाहीतर शाळेतल्या लिंकनच्या धड्यातून. मनात एक सरळसोट गोष्ट बसलेली असते: दक्षिणेला गुलामगिरी हवी होती, उत्तरेला नको होती, लिंकन निवडून आला, युद्ध झालं, गुलाम सुटले.

यातलं काही खोटं नाही, पण युद्ध का झालं ते यातून कळत नाही. गुलामगिरी देशाच्या जन्मापासून होतीच. उत्तरेतल्या बहुसंख्य गोऱ्यांना काळ्या माणसांविषयी फारसा जिव्हाळा नव्हता. खुद्द लिंकन १८६० च्या निवडणुकीत सांगत होता की जिथे गुलामगिरी आहे तिथे मी तिला हात लावणार नाही. तरीही त्याचा शपथविधी होण्याआधीच सात राज्यं फुटून निघाली. सत्तर वर्षं जे प्रकरण कसंबसं निभावलं गेलं होतं, ते एकाएकी निभावेना, असं काय झालं?

मला याचं उत्तर असं दिसतं की गुलामगिरी आपल्या जागी बसून राहू शकत नव्हती. तिला सतत नवी जमीन लागत होती आणि पळालेला माणूस धरून आणायला उत्तरेचे हात लागत होते. या दोन गरजा दर दहा-पंधरा वर्षांनी देशासमोर येऊन उभ्या राहायच्या. दरवेळी तडजोड व्हायची. आणि प्रत्येक तडजोडीची किंमत त्या माणसांकडून वसूल व्हायची, ज्यांना तडजोडीच्या बैठकीत जागाच नव्हती.

सुरुवात राज्यघटनेपासूनच झाली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना प्रश्न आला की प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार असतील, तर गुलाम मोजायचे का? दक्षिणेला ते पूर्ण मोजून हवे होते. मताचा अधिकार द्यायचा नव्हता, फक्त डोकी मोजायची होती. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब ठरला. म्हणजे मळेवाल्याने जितके जास्त गुलाम ठेवावेत, तितकं त्याच्या राज्याचं वजन संसदेत आणि अध्यक्षाच्या निवडणुकीतही वाढावं. पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो मालकाला परत द्यावा, असं कलमही तेव्हाच घातलं गेलं. या कलमाने पुढे फार मोठी आग लावली.

तेव्हा अनेकांना वाटत होतं की ही प्रथा आपोआप विरून जाईल. उत्तरेकडची राज्यं एकामागून एक ती बंद करत होती. मग १७९३ मध्ये एली व्हिटनीने रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकांना जिनिंगचं महत्त्व वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढायला इतका वेळ लागे की ते पीक परवडतच नसे. यंत्र आल्यावर ते परवडू लागलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तर कापूस हवाच होता. १८६० पर्यंत वर्षाला ४० लाखांच्या आसपास गाठी निघू लागल्या आणि अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त मूल्य एकट्या कापसाचं झालं. याच काळात गुलामांची संख्या ७ लाखांवरून साडेएकोणचाळीस लाखांवर गेली.

हे आकडे वाचताना त्यामागची माणसं दिसायला हवीत. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली होती. त्यामुळे व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतली माणसं विकत घेऊन अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाच्या नव्या कापूस-मळ्यांवर नेण्याचा धंदा भरभराटीला आला. यादवी युद्धाच्या आधीच्या काही दशकांत साधारण दहा लाख माणसं अशी हलवली गेली. साखळीत बांधून शेकडो मैल चालवत, किंवा जहाजात कोंबून न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आठ-दहा वर्षांचं पोर तिसरीकडे. गुलामांचं लग्न कायद्याला मान्यच नव्हतं, त्यामुळे ते मोडतंय असंही कुणाला म्हणता येत नव्हतं. पुढे जे खासदार ‘मालमत्तेचा हक्क’ या विषयावर तासन्‌तास बोलत, ते या व्यवहाराबद्दल बोलत होते.

आणि मालमत्ता खरोखरच प्रचंड होती. १८६० मध्ये गुलामांची बाजारकिंमत देशातले सगळे लोहमार्ग आणि सगळे कारखाने यांच्या एकत्रित किमतीपेक्षा जास्त होती. हळूहळू सोडून द्या, हा सल्ला दक्षिणेत कुणी ऐकेना, तो यामुळे.

कापूस जमिनीचा कस खातो, त्यामुळे मळेवाल्याची नजर कायम पश्चिमेच्या नव्या जमिनीकडे. पण त्याहून मोठं कारण राजकीय होतं. सिनेटमध्ये राज्य लहान असो वा मोठं, प्रत्येकाला दोनच जागा. उत्तरेची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, प्रतिनिधिगृह दक्षिणेच्या हातून निसटत होतं. उरला होता सिनेटचा तराजू, आणि तो राखायचा तर प्रत्येक मुक्त राज्यामागे एक गुलामीचं राज्य यायला हवं होतं. १८१९ मध्ये मिसूरीने प्रवेश मागितला तेव्हा दोन्ही बाजूंना अकरा-अकरा राज्यं होती. वर्षभर भांडण चाललं. शेवटी मिसूरी गुलामीचं, त्याच्या जोडीला मेन हे राज्य मुक्त, आणि पश्चिमेच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, असं ठरलं. वृद्ध जेफरसनने तेव्हा एका पत्रात लिहिलं की रात्री अचानक वाजलेल्या आगीच्या घंटेसारखा हा प्रश्न मला दचकवून गेला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा हा माणूस स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता, त्यामुळे त्याची भीती खरी होती यात शंका नाही.

यानंतर साधारण पंचवीस वर्षं जमिनीचा वाद दबला, पण दक्षिणेने आणखी एक गोष्ट मागायला सुरुवात केली: गुलामगिरीविषयी मौन. १८३१ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसनने ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र सुरू केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाने बंड केलं, त्यात पन्नासहून जास्त गोरे मारले गेले. दक्षिणेत भीतीची लाट उसळली आणि त्याचा सूड अनेक निरपराध काळ्या माणसांवर निघाला. १८३५ मध्ये चार्ल्स्टनच्या टपाल कचेरीतून गुलामगिरीविरोधी पत्रकं काढून रस्त्यात जाळली गेली. १८३६ पासून प्रतिनिधिगृहाने नियम केला की गुलामगिरीविरुद्धचा कोणताही अर्ज आला तरी तो न वाचता बाजूला ठेवायचा. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हातारपणी खासदार म्हणून त्या सभागृहात बसत होता. त्याने आठ वर्षं हा नियम छळून छळून शेवटी १८४४ मध्ये रद्द करवला. दरम्यान १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय या संपादकाचा, छापखाना वाचवताना, जमावाने खून केला.

मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. ज्या उत्तरेकडच्या माणसाला काळ्यांच्या दुःखाशी देणंघेणं नव्हतं, त्यालाही आता कळू लागलं की दुसऱ्याची गुलामी टिकवण्यासाठी माझं टपाल, माझा अर्ज, माझं वर्तमानपत्र बंद केलं जातंय.

जमिनीचा वाद परत पेटला तो मेक्सिकोवरच्या स्वारीने. १८४६ ते १८४८ च्या युद्धात अमेरिकेने कॅलिफोर्नियापर्यंतचा अफाट मुलूख घेतला. मेक्सिकोने १८२९ मध्येच गुलामगिरी बंद केली होती, म्हणजे जिंकलेली जमीन मुक्त होती. तिथे आता गुलामगिरी नेऊ द्यायची का? पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मॉटने ठराव मांडला की नेऊ द्यायची नाही. त्याचा हेतू काळ्यांना न्याय देण्याचा नव्हता. गोऱ्या कष्टकऱ्यांना ती जमीन मोकळी मिळावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तो उघड सांगत होता. ठराव प्रतिनिधिगृहात संमत झाला, सिनेटमध्ये अडला. पण मतदान पाहून जाणत्यांच्या पोटात गोळा आला. खासदारांनी पक्ष सोडून प्रदेशाप्रमाणे मत दिलं होतं.

१८५० मध्ये पुन्हा मोठी तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आत आलं. त्याच्या बदल्यात दक्षिणेला फरारी गुलामांचा नवा कडक कायदा मिळाला. युद्धाकडे नेणारी एकच पायरी निवडायला सांगितली, तर मी या कायद्यावर बोट ठेवीन.

कायदा असा होता: एखादा मालक किंवा त्याचा माणूस उत्तरेत येऊन म्हणाला की हा माझा पळालेला गुलाम आहे, तर त्याचा निवाडा एक सरकारी आयुक्त करणार. ज्युरी नाही. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही. आयुक्ताने पकडलेल्याला परत पाठवलं तर आयुक्ताला १० डॉलर फी, सोडून दिलं तर ५ डॉलर. अधिकाऱ्याने हाक दिली की रस्त्यावरच्या कोणत्याही नागरिकाने पकडायला मदत करायची. पळालेल्याला आसरा दिला तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. जन्मापासून मुक्त असलेला काळा माणूसही यात सापडू शकत होता. हजारो काळी कुटुंबं घरदार आवरून कॅनडात निघून गेली.

मे १८५४ मध्ये बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या तरुणाला पकडलं. तो व्हर्जिनियातून पळून आला होता आणि एका कपड्यांच्या दुकानात काम करत होता. त्याला सोडवायला लोकांनी न्यायालयावर हल्ला केला, त्यात एक पहारेकरी मेला. अध्यक्ष पिअर्सने सैन्य पाठवलं. २ जूनला एका माणसाला बंदरावर नेण्यासाठी बॉस्टनच्या रस्त्यांवर संगिनींची रांग उभी राहिली. दुतर्फा हजारो लोक धिक्कार करत होते, दुकानांवर काळी कापडं टांगली होती. एमॉस लॉरेन्स नावाचा तिथला कापडाचा मोठा व्यापारी, ज्याची श्रीमंतीच दक्षिणेच्या कापसावर उभी होती, त्याने लिहून ठेवलंय की आम्ही रात्री झोपलो ते तडजोडवाले म्हणून आणि सकाळी उठलो ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक म्हणून. बर्न्सला दुसऱ्या वर्षी बॉस्टनच्या काळ्या समाजाच्या पुढाकाराने वर्गणीतून विकत घेऊन मुक्त केलं गेलं. पण बॉस्टनने जे पाहिलं ते पुसलं गेलं नाही.

इथेच ‘राज्यांचे हक्क’ या दाव्याचाही निकाल लावायला हवा, कारण आजही काही लोक म्हणतात की दक्षिण त्यासाठी लढली. १८५० च्या दशकात केंद्राची सत्ता वाढवून मागत होती ती दक्षिण. राज्याच्या हक्काने अडवणूक करत होती ती उत्तर. अनेक उत्तरी राज्यांनी आपल्या तुरुंगांत आणि न्यायालयांत या कायद्याला सहकार्य नाकारणारे कायदे केले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा केंद्राचा कायदा घटनाबाह्य ठरवला. साउथ कॅरोलायनाने १८६० मध्ये फुटून निघताना जो जाहीरनामा काढला, त्यातली मुख्य तक्रारच ही होती की उत्तरी राज्यं फरारी गुलाम परत देत नाहीत.

ज्या महिन्यात बर्न्सला पकडलं त्याच महिन्यात आणखी एक कायदा झाला. इलिनॉयच्या सिनेटर स्टीफन डग्लसला शिकागोहून पश्चिमेला लोहमार्ग न्यायचा होता. त्यासाठी कॅन्सस आणि नेब्रास्काचा कारभार बसवणं भाग होतं, आणि त्यासाठी दक्षिणेची मतं. त्याने १८२० ची अक्षांशाची रेषाच पुसून टाकली आणि म्हटलं की तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावं. ऐकायला लोकशाही वाटते. प्रत्यक्षात, जो आधी जास्त माणसं आणि जास्त बंदुका पोचवील त्याची जमीन, असा त्याचा अर्थ झाला. उत्तरेतून वसाहतवाले निघाले. त्यांना पैसा पुरवणाऱ्यांत तोच एमॉस लॉरेन्स होता आणि त्यांनी वसवलेल्या गावाला त्याचंच नाव दिलं. मार्च १८५५ च्या निवडणुकीत शेजारच्या मिसूरीतून झुंडी येऊन मतं टाकून गेल्या. नोंदलेले मतदार तीन हजारांच्या आत आणि पडलेली मतं सहा हजारांच्या वर.

मे १८५६ चा एक आठवडा पाहा. २१ तारखेला गुलामगिरी समर्थकांनी लॉरेन्स गाव लुटलं. २२ तारखेला वॉशिंग्टनमध्ये, सिनेटच्या सभागृहात, साउथ कॅरोलायनाच्या खासदार प्रेस्टन ब्रूक्सने मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला बाकावर बसलेला असताना काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं. समनरला कामावर नीट परतायला तीन वर्षं लागली. ब्रूक्सला दक्षिणेतून चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. २४ च्या रात्री कॅन्ससमध्ये गुलामगिरीचा कडवा विरोधक जॉन ब्राउन याने स्वतःच्या मुलांना आणि साथीदारांना घेऊन पाच माणसांना घरातून ओढून काढून तलवारीने मारलं. यादवी युद्धाला अजून पाच वर्षं होती असं इतिहासाची पुस्तकं म्हणतात. कॅन्ससला ते पटलं नसतं.

या सगळ्यात देशाला बांधून ठेवणाऱ्या संस्था एकेक करून उसवत गेल्या. मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट चर्चं १८४० च्या दशकातच उत्तर-दक्षिण फुटली होती. देशातल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक, व्हिग पक्ष, कॅन्ससच्या कायद्यानंतर संपला आणि उत्तरेत रिपब्लिकन पक्ष जन्मला. उरलं होतं सर्वोच्च न्यायालय. मार्च १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात त्यानेही आपली पत घालवली. स्कॉटला त्याच्या मालकाने मुक्त प्रदेशांत वर्षानुवर्षं ठेवलं होतं, म्हणून आपण मुक्त आहोत असं त्याचं म्हणणं. सरन्यायाधीश टॅनीने सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, आणि गोऱ्याने मान राखावा असा कोणताही हक्क काळ्याला कधी नव्हता. शिवाय कोणत्याही केंद्रशासित मुलखात गुलामगिरी रोखायचा अधिकार संसदेला नाही. म्हणजे नव्या मुलखात गुलामगिरी पसरू द्यायची नाही, हा नव्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच बेकायदा ठरला. उत्तरेत साध्या माणसालाही प्रश्न पडला की पुढचा निकाल आपल्या राज्यातच गुलामगिरी आणणारा असेल की काय. रिपब्लिकन पक्षाचा लिंकन हेच बोलत गावोगाव हिंडला.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउनने जेमतेम वीस माणसं घेऊन व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. गुलामांना शस्त्रं देऊन उठाव करायचा होता. तो फसला आणि ब्राउन डिसेंबरमध्ये फासावर गेला. त्याच्या फाशीच्या दिवशी उत्तरेत काही गावांत चर्चच्या घंटा वाजल्या. दक्षिणेने त्या ऐकल्या आणि पक्कं समजून घेतलं की उत्तरेला आपले गळे कापायचे आहेत.

१८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षही फुटला. चार उमेदवार झाले आणि लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर, जवळजवळ पूर्णपणे उत्तरेच्या जोरावर जिंकला. खोल दक्षिणेतल्या मतपत्रिकांवर त्याचं नावही नव्हतं. तो गुलामगिरीला हात लावणार नव्हता, मग दक्षिण घाबरली कशाला? कारण मळेवाल्यांना पुढचं दिसत होतं. दक्षिणेतले पोस्टमास्तर, जकात अधिकारी, न्यायाधीश आता लिंकन नेमणार. टपालातून पत्रकं येणार. आणि दक्षिणेतल्या साधारण चारपैकी तीन गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. त्यांच्यात रिपब्लिकन पक्षाने पाय रोवला तर गुलामगिरी आतूनच ढासळेल. विस्तार थांबला की शेवट ठरलेला, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं.

कोणत्या राज्याने कधी फुटायचं हेही गुलामांच्या प्रमाणावर ठरलं. आधी फुटलेल्या सात राज्यांत जवळपास निम्मी माणसं गुलाम होती. एप्रिल १८६१ मध्ये युद्धाच्या पहिल्या तोफा डागल्या गेल्यावर गेलेल्या चार राज्यांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. गुलामगिरी असूनही देशात राहिलेल्या चार राज्यांत साधारण सातवा हिस्सा. फुटलेल्या राज्यांनी बनवलेल्या नव्या सरकारचा पाया काय, हे त्याच सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथे जाहीर भाषणात सांगितलं: काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, या तत्त्वावर आमचं सरकार उभं आहे.

दक्षिणेला खात्री होती की इंग्लंड मदतीला येईल, कारण आमच्या कापसाशिवाय त्यांच्या गिरण्या बंद पडतील. इंग्लंडने इजिप्तकडे आणि आपल्याकडे पाहिलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईतून जाऊ लागला, त्या पैशावर मुंबईत शेअरचं वेड माजलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळलं. दक्षिणेचा अंदाज चुकला होता.

१२ एप्रिल १८६१ ला चार्ल्स्टन बंदरातल्या फोर्ट समटरवर तोफा सुटल्या. लिंकन म्हणत होता की हे युद्ध देश एकत्र ठेवण्यासाठी आहे, गुलामगिरी मोडण्यासाठी नाही. गुलामांनी मात्र आपलं ठरवलं होतं. २३ मेच्या रात्री व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे होडीतून निसटून उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रोला पोचले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला आणि १८५० च्या कायद्यानुसार तिघांना परत मागू लागला. किल्ल्यावरचा उत्तरेचा जनरल बेंजामिन बटलर पेशाने वकील होता. तो म्हणाला, व्हर्जिनिया आता परका देश असल्याचं तुम्हीच सांगता; परक्या देशाला अमेरिकेचा कायदा लागू होत नाही. तिघांना त्याने ठेवून घेतलं. ही बातमी गुलामांच्या वस्त्यांमध्ये पसरली आणि काही आठवड्यांत शेकडो बायाबापड्या, म्हातारे, मुलं किल्ल्याकडे चालत आली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा करून मान्य करावं लागलं की शत्रूच्या लष्करी कामाला जुंपलेल्या माणसांवर त्यांच्या मालकाचा हक्क उरत नाही.